वार कबूल

'वार' आणि 'कबूल' हे दोन शब्द तुम्हांला मराठी शिकण्याच्या आधीपासून येतात. ते तुमच्या उर्दूत आहेत आणि मराठीतही आहेत. मराठीत सोमवार, मंगळवार हेही 'वार'च. पण या पाठात आपल्याला हवा आहे तो तलवारीचा वार.

काही वर्षांपूर्वी मी आमच्या शाळेच्या मुलींना घेऊन जिल्हास्तरीय शालेय क्रीडा स्पर्धांना गेले होते. मुलींची धावण्याची शर्यत दुपारी होती. वेळ होता म्हणून मी शेजारच्या सभागृहात डोकावले. तेथे पांढऱ्या पोशाखातली दोन मुले तलवारबाजीचा सराव करत होती. गुण दाखवणारे विजेचे यंत्र अजून जोडलेले नव्हते. पाती एकमेकांवर आपटत होती. इतक्यात एक मुलगा थांबला, त्याने डावा हात वर केला आणि म्हणाला, "लागला." वार त्याने केलेला नव्हता. त्याला लागला होता! मला तर काहीच दिसले नव्हते. तो गप्प राहिला असता, तर कोणाला कळले असते?

मी त्यांच्या प्रशिक्षकांना विचारले. ते म्हणाले, "मॅडम, यंत्र नसेल तेव्हा ज्याला लागते त्यानेच सांगायचे, अशी या खेळाची रीत आहे."

ही रीत जुनी आहे. विजेची यंत्रे येण्यापूर्वी वार लागलेला खेळाडू 'टूशे' असे म्हणे. हा फ्रेंच शब्द आहे. त्याचा अर्थ 'लागला', म्हणजेच वार कबूल.

आज आपण हा खेळ थोडा समजून घेऊ. मग शाळेत असताना तलवारबाजीच्या संघाचा कप्तान असलेल्या एका मुलाची हकिकत वाचू. तो मुलगा पुढे एका प्रचंड कंपनीचा मालक झाला. तुमच्या घरात व्हॉट्सॲप वापरणारे कोणी असेल, तर त्याच्या कंपनीशी तुमची ओळख आधीच झालेली आहे.

आधी खेळ पाहू. तलवार म्हटले, की तुमच्या डोळ्यांसमोर घोडा, ढाल आणि रणांगण उभे राहील. आपल्या महाराष्ट्रात दांडपट्टा, लाठी असे मर्दानी खेळही आहेत. ऑलिंपिकमधली तलवारबाजी मात्र निराळी. ती युरोपात वाढली. त्यामुळे तिचे पुष्कळ शब्द फ्रेंच आहेत. 1896 साली अथेन्समध्ये पहिले आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हापासून प्रत्येक ऑलिंपिकमध्ये ती खेळली गेली आहे. तिच्यात घोडा नाही, ढालही नाही. एका हातात तलवार, आणि उभे राहायला 14 मीटर लांब व दीड ते दोन मीटर रुंद अशी एक पट्टी. शाळेचा व्हरांडा आठवा, म्हणजे साधारण कल्पना येईल. मागे हटत हटत दोन्ही पाय पट्टीच्या शेवटच्या रेषेपलीकडे गेले, तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणजे पळून जाण्याची सोय नाही!

तलवारी तीन प्रकारच्या असतात: फॉइल, एपे आणि सेबर. तिन्ही हलक्या असतात. फॉइल आणि सेबर अर्ध्या किलोपेक्षा कमी वजनाच्या, तर एपे त्यांहून थोडी जड. फॉइलने फक्त टोकाने वार करायचा आणि तोही धडावर. हाताला किंवा पायाला टोक लागले, तर गुण मिळत नाही. एपेनेही टोकानेच वार करायचा, पण डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत कोठेही चालतो. सेबर ही घोडेस्वारांच्या तलवारीची वंशज. तिच्या टोकाने आणि धारेने, दोन्हींनी वार करता येतो. मात्र कमरेच्या वर. घोड्यावर बसलेला माणूस कमरेखाली कसा वार करणार, असे म्हणाल तर नियम लगेच ध्यानात राहील. (ही 'धार' खरी धार नव्हे. या खेळातली एकही तलवार कापत नाही.)

पोशाख पांढरा का? जुन्या काळी तलवारीच्या टोकाला रंग किंवा खडू लावत. त्याचा डाग पांढऱ्या कपड्यावर चटकन दिसे. आता फॉइल आणि एपे यांच्या टोकाला विजेचे बटण असते. फॉइलच्या टोकावर पुरेसा दाब पडला, की दिवा लागतो. चेहऱ्यावर तारेच्या जाळीचा मुखवटा असतो, हातात जाड हातमोजा असतो आणि अंगात सहजासहजी न फाटणारे जाकीट असते. या पोशाखामागे एक दुःखद घटना आहे. 1982 साली रोम येथे जागतिक स्पर्धा चालू होती. तेथे सोव्हिएत संघाचे व्लादिमिर स्मिर्नोव्ह खेळत होते. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवले होते. समोरच्या खेळाडूचे पाते मोडले आणि मोडके टोक त्यांच्या मुखवट्याच्या जाळीतून आत गेले. त्यातच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर मुखवटे, जाकिटे आणि पात्यांचे पोलाद या सर्वांचे नियम कडक करण्यात आले. म्हणून मुलांनो, काठ्या घेऊन घरी हा खेळ मुळीच खेळू नका. डोळा एकच वार सहन करत नाही.

काठीशिवाय मात्र तुम्ही या खेळाचा पहिला धडा आजच शिकू शकता. जमिनीवर खडूने एक सरळ रेषा काढा. तुम्ही उजव्या हाताने लिहीत असाल, तर उजवा पाय रेषेवर समोर ठेवा. डावा पाय मागे, आडवा ठेवा. दोन्ही टाचा एकाच रेषेवर आल्या पाहिजेत. दोन्ही पायांत दीड पावलाइतके अंतर असू द्या. आता गुडघे वाकवा. वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवा. याला 'पवित्रा घेणे' म्हणतात. उर्दूत तुम्ही 'पैंतरा' म्हणता, तोच हा मराठीतला 'पवित्रा'. 'पवित्र' या शब्दाशी त्याची गल्लत करू नका.

आता पुढे चला. आधी पुढचा पाय, मग मागचा. मागे येताना उलट करा: आधी मागचा पाय, मग पुढचा. पाय एकमेकांत अडकू द्यायचे नाहीत. दहा पावले पुढे आणि दहा मागे, असे करून पाहा. मांड्या दुखू लागतील. नवशिक्या खेळाडूंना कित्येक दिवस एवढेच करायला लावतात. तलवार हातात घ्यायला आतुर झालेली मुले कंटाळतात. पण पाय कच्चे राहिले, तर हात कितीही चपळ असला तरी काही उपयोग नाही.

यानंतर येते झेप. झेप घेताना आधी हात सरळ लांब करायचा, मग पुढचा पाय लांब टाकायचा. मागचा पाय ताठ होतो आणि सगळे शरीर बाणासारखे लांबते. नवीन मुले येथेच चुकतात. ती आधी पाय उचलतात आणि मग हात. समोरचा तेवढ्यात सावध होतो. तो आपल्या पात्याने वार बाजूला सारतो. याला वार अडवणे म्हणतात. वार अडवला, की लगेच उलट वार करायचा.

आता या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट सांगते. फॉइलमध्ये आणि सेबरमध्ये कधी कधी दोघांचेही वार एकाच वेळी लागतात. दोन्ही दिवे लागतात. मग गुण कोणाला? जास्त जोरात मारले त्याला? नाही. ज्याने हात लांब करून आधी हल्ला सुरू केला, त्याचा हक्क पहिला. समोरच्याने त्याचा वार आधी अडवायला हवा. अडवला, की हक्क त्याच्याकडे येतो. न अडवताच त्याने वार केला, तर तो लागला तरी व्यर्थ. हे ठरवायला पंच असतो. म्हणजे नुसता वेग पुरत नाही. पाळी कोणाची आहे, हेही पाहावे लागते. एपेमध्ये हा नियम नाही. तेथे सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत दोघांचे वार लागले, तर दोघांनाही गुण देतात.

खेळ सुरू होण्यापूर्वी मुखवटा काढून, तलवार उंचावून समोरच्या खेळाडूला, पंचांना आणि प्रेक्षकांना सलाम करतात. शेवटी मुखवटा काढून हात मिळवतात. चेहरा झाकून लढायचे आणि चेहरा उघडा करून निरोप घ्यायचा, असा हा रिवाज आहे.

भारतात या खेळाचे नाव घराघरांत पोचवले ते चेन्नईच्या भवानी देवी यांनी. 2004 साली त्यांच्या शाळेत मुलींनी खेळ निवडायचे होते. बाकीच्या खेळांतल्या जागा भरल्या होत्या. उरली होती तलवारबाजी. सुरुवातीला त्यांनी बांबूच्या काठ्यांनी सराव केला. 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकसाठी पात्र ठरलेल्या त्या पहिल्या भारतीय तलवारबाज. पहिला सामना त्यांनी 15-3 असा जिंकला, दुसरा 7-15 असा हरल्या. हरल्यावर त्यांनी देशवासीयांची क्षमा मागितली. क्षमा मागण्याचे काहीच कारण नव्हते, असे मला वाटते. अमेरिकेच्या इब्तिहाज मुहम्मद यांचीही कथा वाचण्यासारखी आहे. डोक्यापासून पायापर्यंत अंग झाकून खेळता येईल असा खेळ त्यांची आई शोधत होती. एके दिवशी मोटारीतून जाताना तिला एका शाळेत तलवारबाजीचा सराव दिसला. इब्तिहाज तेराव्या वर्षी हा खेळ शिकू लागल्या. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये त्या हिजाब घालून अमेरिकेकडून खेळल्या आणि सेबरच्या सांघिक स्पर्धेत त्यांच्या संघाने कांस्यपदक जिंकले.

आता त्या शाळकरी कप्तानाकडे वळू.

मार्क झुकरबर्ग याचा जन्म 14 मे 1984 रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात झाला. हडसन नदीकाठच्या डॉब्ज फेरी या लहान गावात तो वाढला. वडील दातांचे डॉक्टर होते आणि त्यांचा दवाखाना घरालाच लागून होता. आई मानसोपचारतज्ज्ञ होती. तीन बहिणी आणि हा एकटा भाऊ. वडिलांनीच त्याला संगणकाची भाषा शिकवायला सुरुवात केली. बारा वर्षांच्या आसपासचा असताना त्याने एक आज्ञावली तयार केली. तिच्यामुळे घरातले संगणक आणि दवाखान्यातला संगणक एकमेकांना निरोप पाठवू लागले. रुग्ण आल्याची वर्दी द्यायला हाक मारण्याची गरज उरली नाही. मुलाची ही गती पाहून आईवडिलांनी त्याच्यासाठी खास शिक्षक ठेवला. येथे एक गोष्ट लक्षात घ्या. घरात संगणक, शिकलेले आईवडील, खास शिक्षक, हे सगळे त्याला लहानपणीच मिळाले. बुद्धी त्याची होतीच. पण पायांखालची जमीनही भक्कम होती.

पुढे तो न्यू हॅम्पशायर राज्यातील फिलिप्स एक्झेटर या जुन्या निवासी शाळेत गेला. तेथे तो लॅटिन आणि ग्रीक या प्राचीन भाषा शिकला, तलवारबाजी खेळला आणि शाळेच्या संघाचा कप्तान झाला. त्याच शाळेत एका मित्राबरोबर त्याने संगीत ऐकवणारी एक आज्ञावली बनवली. ऐकणाऱ्याची आवड ओळखून ती पुढचे गाणे निवडत असे. मोठ्या कंपन्यांनी तिच्यात रस दाखवला; पण मार्क 2002 साली हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेला.

हार्वर्डमध्ये त्याच्या हातून जे घडले, ते पुष्कळ लोक गंमत म्हणून सांगतात. मला ते गंमतीचे वाटत नाही. 2003 च्या ऑक्टोबरच्या अखेरीस त्याने विद्यापीठाच्या वसतिगृहांच्या संगणकांवरून विद्यार्थ्यांची छायाचित्रे न विचारता उचलली. मग एक संकेतस्थळ तयार केले. दोन छायाचित्रे शेजारी शेजारी दाखवायची आणि यांतले अधिक देखणे कोण, ते बघणाऱ्याने ठरवायचे. पहिल्या चार तासांत 450 जणांनी 22,000 वेळा छायाचित्रे पाहिली. ज्यांची ती छायाचित्रे होती, त्यांना कोणी विचारले होते? लोक संतापले. संकेतस्थळ बंद पडले. विद्यापीठाने त्याच्यावर सुरक्षा मोडल्याचा आणि इतरांच्या खासगीपणावर घाला घातल्याचा ठपका ठेवला. विद्यार्थिनींच्या संघटनांकडे त्याने माफी मागितली. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता.

त्यानंतर अवघ्या तीन महिन्यांत, 4 फेब्रुवारी 2004 रोजी, वसतिगृहातल्या आपल्या खोलीतून त्याने एक नवे संकेतस्थळ सुरू केले. तेच फेसबुक. या वेळी फरक एवढाच होता, की आपले छायाचित्र आणि माहिती ज्याने त्याने स्वतःच द्यायची होती. एदुआर्दो सॅव्हरिन, डस्टिन मॉस्कोविट्झ, ख्रिस ह्यूज आणि अँड्र्यू मॅकॉलम हे त्याचे सहकारी होते. ही कल्पना आमची होती, असा दावा हार्वर्डच्याच तीन विद्यार्थ्यांनी केला. तो खटला 2008 साली तडजोडीने मिटला आणि त्यांना मोठी रक्कम द्यावी लागली.

2004 च्या उन्हाळ्यात ही मुले कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी गेली आणि मार्कने हार्वर्ड सोडले. शिक्षण अर्धवट सोडून कोट्यधीश झाला, असे सांगून काही मुले अभ्यास टाळायचे निमित्त शोधतात. त्यांना सांगा, की हार्वर्ड सोडण्यासाठी आधी हार्वर्डमध्ये प्रवेश मिळवावा लागतो! 2006 साली याहू या कंपनीने फेसबुकसाठी सुमारे 100 कोटी डॉलर देऊ केले. मार्क बावीस वर्षांचा होता. त्याने नकार दिला. त्याच वर्षी तेरा वर्षांवरील कोणालाही फेसबुक खुले झाले. 2012 साली सदस्यांची संख्या 100 कोटींवर गेली. त्याच वर्षी झुकरबर्ग यांनी इन्स्टाग्राम विकत घेतले आणि 2014 मध्ये व्हॉट्सॲप. 2015 साली त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रिसिला चॅन यांनी आपल्या 99 टक्के शेअर्सची किंमत पुढे लोकोपयोगी कामांसाठी देण्याचे जाहीर केले. 2021 मध्ये कंपनीचे नाव मेटा असे झाले. दूरदेशी नोकरीला गेलेल्या बापाचा चेहरा घरबसल्या दिसतो, आजोबांची खबर क्षणात कळते, ही सोय ज्यांच्यामुळे कोट्यवधी घरांना मिळाली, त्यांत या माणसाचा वाटा मोठा आहे. त्याबद्दल त्यांचे कौतुक जगभर झाले आणि ते योग्यच आहे.

परंतु आपण तलवारबाजीचे नियम शिकलो आहोत. म्हणून फक्त मारलेले वार मोजून भागणार नाही. लागलेलेही मोजू या.

फेसबुकमध्ये पूर्वी एक बोधवाक्य प्रचलित होते. वेगाने पुढे जा, मोडतोड झाली तरी चालेल, असा त्याचा आशय होता. काय मोडले? 2006 च्या सप्टेंबरात कंपनीने एकाएकी अशी व्यवस्था केली, की प्रत्येक सदस्याची बारीकसारीक हालचाल त्याच्या सर्व मित्रांना दिसू लागली. लाखो सदस्यांनी विरोध केला. आपले चुकले, असे झुकरबर्ग यांनी जाहीर पत्रात मान्य केले आणि सदस्यांच्या हाती काही नियंत्रणे दिली. हा वार लहान होता.

2018 चा मोठा होता. केंब्रिज ॲनॅलिटिका नावाच्या कंपनीकडे फेसबुकच्या सुमारे 8 कोटी 70 लाख सदस्यांची माहिती पोचल्याचे उघड झाले. निवडणुकीच्या प्रचारासाठी काम करणारी ही कंपनी होती. बहुतेकांना आपली माहिती गेल्याचा पत्ताही नव्हता. त्यांच्या एखाद्या मित्राने फेसबुकवर गंमत म्हणून प्रश्नावली सोडवली होती. तिच्यातून मित्रांचीही माहिती गेली. एप्रिल महिन्यात झुकरबर्ग यांना अमेरिकेच्या संसदेपुढे दोन दिवस बसून उत्तरे द्यावी लागली. ही माझी चूक आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. पुढच्या वर्षी कंपनीला 500 कोटी डॉलर दंड झाला.

त्याच 2018 मध्ये कंपनीने आणखी एक गोष्ट कबूल केली. म्यानमारमध्ये रोहिंग्या लोकांविरुद्ध खोटे आणि द्वेषाचे मजकूर फेसबुकवरून पसरत होते. हिंसा भडकवण्यासाठी आपल्या माध्यमाचा वापर होत असताना तो थांबवायला आपण पुरेसे काही केले नाही, असे कंपनीने मान्य केले. लाखो माणसे तोपर्यंत घरे सोडून बांगलादेशात गेली होती. पट्टीवर हात वर केला, की खेळ थांबतो आणि दोघे पुन्हा आपापल्या जागी उभे राहतात. येथे कोणी आपल्या जागी परत जाऊ शकले नाही.

31 जानेवारी 2024 रोजी झुकरबर्ग पुन्हा संसदेत बसले होते. या वेळी विषय मुलांचा होता. समाजमाध्यमांवरील छळामुळे ज्यांची मुले दगावली, असे आईबाप त्यांच्या मागे बसले होते. अनेकांच्या हातात आपल्या मुलाचे छायाचित्र होते. एका सदस्याने विचारले, तुम्ही या लोकांची माफी मागितली आहे का? झुकरबर्ग उठले, मागे वळले आणि त्या आईबापांकडे पाहून झाल्या गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला.

पुष्कळांना ती माफी पुरेशी वाटली नाही. सर्वांसमोर विचारल्यावर वळलेला माणूस, न विचारता वळला असता का, असा प्रश्न माझ्याही मनात येतो. त्या सभागृहातल्या मुलाने कोणी विचारण्याआधी हात वर केला होता. तरीही मी माझ्या विद्यार्थ्यांना हे दोन्ही प्रसंग सांगते, कारण हा प्रश्न फक्त अमेरिकेतला नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात एक मुलगी मंचावरून उतरताना पाय घसरून पडली. कोणीतरी त्या क्षणाचे छायाचित्र काढले, खाली एक चेष्टेची ओळ लिहिली आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. रात्रीपर्यंत ते दुसऱ्या शाळांतही पोचले. मुलगी नऊ दिवस शाळेत आली नाही. मी वर्गात विचारले, "कोणी पाठवले?" चाळीस मुले पुस्तकांकडे पाहत राहिली. मी त्यांना एवढेच सांगितले, की छायाचित्र पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाचा त्यात हात आहे. मग फळ्यावर तलवारबाजीची पट्टी काढली आणि 'टूशे' या शब्दाचा अर्थ लिहिला. तो तास तसाच संपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी एक मुलगा उभा होता. अभ्यासात हुशार, संगणकात तर सर्वांत पुढे. "टीचर, छायाचित्र मी काढले होते," तो म्हणाला. मी विचारले, "मला सांगतोस, की वर्गाला?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग वर्गात गेला आणि सर्वांसमोर बोलला. त्याच्यामागून आणखी अकरा मुले उभी राहिली. संध्याकाळी तो वडिलांना घेऊन त्या मुलीच्या घरी गेला आणि तिची माफी मागितली.

सोमवारी ती मुलगी शाळेत आली. पहिल्या बाकावर बसली. त्या मुलाशी ती अजून बोलत नाही.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) 'टूशे' या शब्दाचा अर्थ काय?
(आ) तलवारबाजीची पट्टी किती लांब असते?
(इ) भवानी देवी कोणत्या ऑलिंपिकसाठी पात्र ठरल्या?
(ई) फेसबुक केव्हा सुरू झाले?

2. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) फॉइल आणि एपे यांच्या नियमांत कोणता फरक आहे?
(आ) मार्कने 2003 साली तयार केलेल्या संकेतस्थळात कोणती चूक होती?
(इ) 'येथे कोणी आपल्या जागी परत जाऊ शकले नाही,' असे लेखिका का म्हणते?

3. वाक्यांत उपयोग करा: पवित्रा घेणे, गल्लत करणे, ठपका ठेवणे, निमित्त शोधणे.

4. वार, सलाम, खबर, पोशाख, हक्क हे शब्द मराठीत आणि उर्दूत आहेत. पाठातून असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.

5. उपक्रम: पाठातील मुलगी सोमवारी शाळेत आली तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी बसला होतात, असे समजा. तुमचे आणि तिचे संभाषण मराठीत लिहा.